लेकरासोबतचा रविवार: नाशिकमध्ये खर्च कुठे होतो, कुठे वाचतो

लहान मूल घेऊन बाहेर पडलेल्या कुटुंबाचा दिवसाचा खर्च ठिकाणावर अवलंबून असतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आधी मुलाच्या वयावरून ठरतो, मग गाडीवरून, मग खाण्यावरून. प्रवेशाचं तिकीट बहुतेक वेळा यादीत शेवटी येतं. हा क्रम लक्षात ठेवला की नाशिकमध्ये दोनशे रुपयांतही रविवार साजरा होतो आणि दीड हजार खर्चूनही तो वाया जाऊ शकतो.

खालचे हिशेब आई, बाबा आणि चार वर्षांचं मूल अशा तिघांच्या कुटुंबासाठी आहेत. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडीचं ॲव्हरेज १५ किलोमीटर धरलं, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. ठरलेले दर आकड्यात दिले आहेत. जिथे ‘धरा’ म्हटलं आहे, तिथे तो अंदाज समजावा आणि निघण्याआधी फोन करून ताजा दर विचारावा.

आधी मुलाचं वय बघा

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल, त्याच्यासाठी वेगळी जागा घेतली नाही तर, मोफत. पुढे मात्र रेल्वेचा नियम नीट समजून घ्यावा लागतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी आरक्षणात स्वतंत्र बर्थ किंवा सीट घेतली, तर मोठ्या माणसाइतकंच पूर्ण भाडं पडतं. जागा न घेता अर्धं तिकीट काढण्याची सोय स्लीपरसारख्या वर्गांत आहे, पण बसून जायच्या आरक्षित डब्यांत, म्हणजे सेकंड सीटिंग आणि चेअर कारमध्ये, ती मिळत नाही. त्यामुळे पंचवटी एक्सप्रेसच्या आरक्षित डब्यातून सहा वर्षांच्या मुलीला राणीची बाग दाखवायला नेणार असाल, तर तिकिटं तीन धरा, अडीच नाही. अनारक्षित डब्यात अर्धं तिकीट चालतं.

पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना आणि किल्ल्यांना पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. मल्टिप्लेक्समध्ये साधारणपणे तिसऱ्या वर्षापासून पूर्ण तिकीट लागतं. वॉटर पार्कमध्ये वय कुणी विचारत नाही, खिडकीशेजारी उंचीची पट्टी असते आणि त्या पट्टीवर दर ठरतो. उंच बांध्याच्या मुलांच्या आईबाबांनी ही पट्टी किती फुटांची आहे, ते फोनवरच विचारावं.

मुलाच्या जन्मदाखल्याचा किंवा बाल आधारचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चार वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाचं वय कंडक्टरला किंवा टीसीला पटवून देण्यात कुणाचाच रविवार जाऊ नये.

जायचं कशाने?

एसटी हा नाशिककर कुटुंबाचा सर्वांत स्वस्त पर्याय आहे, आणि छोट्या मुलांना लालपरीची खिडकी बहुधा गाडीच्या मागच्या सीटपेक्षा जास्त आवडते. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झालं. नाशिक ते त्र्यंबकेश्वर साधारण ३० किलोमीटर, म्हणजे पाच टप्पे आणि पन्नासच्या आसपास भाडं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मं आणि ७५ वर्षांवरच्यांना पूर्ण मोफत.

आता आजी-आजोबांसह पाच जणांचा त्र्यंबकचा हिशेब करा. बाबांचे ५०, आईचे २५, आजीचे २५, सत्तरीच्या आजोबांचे २५ आणि लेकराचं शून्य. एका बाजूचे १२५, जाऊन-येऊन २५०. तेच स्वतःच्या गाडीने ६० किलोमीटरचे ४२० रुपये पेट्रोलला, वर पार्किंग. आजोबा पंच्याहत्तरी ओलांडलेले असतील, तर एसटीचा खर्च आणखी ५० रुपयांनी कमी होतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. ही सवलत एसटीची आहे, शहरातल्या सिटीलिंकच्या बसची नव्हे. त्र्यंबककडे दोन्ही बस जातात, तेव्हा आईचं तिकीट निम्मं हवं असेल तर कोणत्या बसमध्ये चढतोय ते बघूनच चढा. दुसरं म्हणजे सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. सापुताऱ्याला निघालात, तर सीमेपलीकडच्या टप्प्याचं पूर्ण भाडं द्यावं लागतं.

दुचाकीवरून तिघं जाणं नाशिकमध्ये इतकं सवयीचं झालं आहे, की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. कायद्याने चालकाशिवाय एकाच माणसाला बसता येतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून केंद्राचे वेगळे नियम लागू आहेत. मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, चालकाला बांधलेला सेफ्टी हार्नेस हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचंच आहे. ई-चलान आलं तर ‘स्कूटर स्वस्त पडते’ हा हिशेब तिथेच संपतो, आणि पडण्याची किंमत तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. कारमध्येही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट बंधनकारक आहे. मांडीवर घेऊन पुढे बसवणं यात मोडत नाही.

टोलचं गणित घराच्या दिशेवर अवलंबून आहे. इगतपुरीकडे घोटीचा नाका, पुणे रस्त्याला शिंदेचा, धुळ्याकडे पिंपळगाव बसवंतचा. दिंडोरीमार्गे वणीला किंवा त्र्यंबकला जाताना हे नाके लागत नाहीत. महिन्यातून दोनदा नाका ओलांडणाऱ्यांसाठी राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक फास्टॅग पास विचारात घेण्यासारखा आहे. तो १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत सुरू झाला. मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं आधी संपेल ते. त्या दराने सगळ्या फेऱ्या वापरल्या, तर एका नाक्याला १५ रुपये पडतात. जाताना एक आणि येताना एक अशा दोन फेऱ्या मोजल्या जातात. वर्षातून चार-पाचदाच बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला हा पास महागच पडेल. समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा असल्याने तिथे हा पास चालत नाही.

जिथे तिकीटच नाही

गोदाघाटाला प्रवेशशुल्क नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला त्याहून चांगली जागा नाशिकमध्ये शोधून सापडणार नाही. पाणी, पायऱ्या, कबुतरं, घंटा, फुगेवाले, सगळं एकाच ठिकाणी. नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटा दाखवा, काळाराम मंदिराच्या काळ्या दगडांवरून हात फिरवू द्या, संध्याकाळी रामकुंडावरची गोदाआरती बघा. शहरातून १२ किलोमीटर जाणं-येणं धरलं तर पेट्रोलचे ८४, पार्किंगचे २५ आणि भेळ-खाऊचे १५० धरा. अडीचशे-पावणेतीनशेत संध्याकाळ पार पडते. रविवारी घाटाच्या अगदी तोंडाशी गाडी लावायचा प्रयत्न करू नका. थोडं अलीकडे लावून रिक्षा केली, तर वेळ आणि पेट्रोल दोन्ही वाचतात.

नाशिकरोडचं मुक्तिधाम पावसात आणि उन्हात दोन्ही वेळा उपयोगी पडतं. पांढऱ्या संगमरवराची गार फरशी आणि बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती यांत चार वर्षांचं मूल अर्धा-पाऊण तास सहज रमतं. गंगापूर रस्त्यावरचा नवश्या गणपती आणि महापालिकेच्या बागा हेही याच यादीत येतात.

थोडं लांब जायचं असेल, तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. यादवकाळातलं हे पंचायतन भारतीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे आणि तिथे तिकीट लागत नाही. मधलं मोठं मंदिर आणि चार कोपऱ्यांतली चार छोटी मंदिरं यांच्याभोवतीच्या मोकळ्या अंगणात मुलांना मनसोक्त पळता येतं, आणि भिंतीवरचे हत्ती मोजण्याचा खेळ फुकट असतो. जाऊन-येऊन ६० किलोमीटरचे ४२० रुपये आणि शिंदेचा टोल. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय मात्र तिकीट लावून आहे. चमकणारे दगड बघून सहा-सात वर्षांचं मूल थक्क होतं, पण तीन वर्षांच्या मुलाला काचेला हात लावू नको म्हणण्यातच वेळ जातो. ते थोडं मोठं झाल्यावर जा.

पांडवलेणी: चाळीस रुपयांची सकाळ

मुंबई महामार्गालगतची ही लेणी म्हणजे पैशाचा पुरेपूर मोबदला. रोख तिकीट माणशी २५ रुपये, क्यूआर कोड स्कॅन करून ऑनलाइन काढलं तर २० रुपये, पंधरा वर्षांखालचं मूल मोफत. म्हणजे तिघांचे ४० रुपये. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, पुरातत्त्व खातं बहुतेक वर्षी तिकीट माफ करतं.

खरा दर पायऱ्यांचा आहे. दोनशेच्या आसपास पायऱ्या मूल हौसेने चढतं, आणि उतरताना हमखास खांद्यावर येतं. सकाळी लवकर पोहोचा, कारण उन्हाळ्यात नऊनंतर डोंगर तापतो. पाण्याची बाटली खालूनच घ्या, खाऊच्या पिशव्या मात्र लपवा, माकडं त्यावर नजर ठेवून असतात. वर चोवीस लेणी आहेत, सगळी बघायचा अट्टहास नको. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातले ओझं पेलणारे बुटके यक्ष आणि अठराव्यातला स्तूप एवढं दाखवलं तरी पुरे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि नेहरू वनोद्यान आहे. पाय शिल्लक असतील तरच तिकडे वळा, आणि त्या दिवशी तिथलं काय चालू, काय बंद हे दारावर विचारून मगच पैसे भरा.

हिशेब असा: २० किलोमीटरचे १४०, तिकीट ४०, पार्किंगचे ३० धरा. घरून डबा नेला, तर २१० रुपयांत सकाळ झाली. उतरल्यावर मिसळ खायची ठरली, तर दोन मिसळींचे ३०० आणि मुलाच्या इडली-दुधाचे ६० धरा, मग ५७०. एकूण खर्चात लेण्यांचे ४० आणि नाश्त्याचे ३६०. बहुतेक रविवारचं गणित असंच असतं.

सोमेश्वर आणि गंगापूर धरण

गंगापूर रस्त्याने आठ किलोमीटरवर सोमेश्वर आणि त्याच्या पुढचा दूधसागर धबधबा. जागा मोफत, खर्च कणसं, पेरू आणि खेळण्यांचा. धबधबा पावसाळ्यात देखणा दिसतो आणि तेव्हाच धोकादायक असतो. कठड्याच्या पलीकडे मूल नेऊ नका.

गंगापूर धरणावर पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. कुठल्याही बोटिंगच्या खिडकीवर तीन प्रश्न विचारा: दर माणशी आहे की बोटीचा? फेरी किती मिनिटांची? मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मोठंच घाला, आवळून देतो’ असं आलं, तर परत फिरा. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

त्र्यंबकेश्वर: वेळ की पैसा?

त्र्यंबकला धर्मदर्शनाची रांग मोफत आहे आणि देणगी दर्शन माणशी २०० रुपये. मोठ्यांसाठी रांगेत दोन-तीन तास उभं राहणं ही श्रद्धा असते, चार वर्षांच्या मुलासाठी ती शिक्षा. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि सलग सुट्ट्या टाळल्या, तर मोफत रांग परवडते. त्या दिवसांत जाणं भागच असेल, तर देणगी दर्शनाचे पैसे आधीच बजेटमध्ये धरा. चार मोठ्यांचे ८०० होतात.

पाच जणांच्या एसटी सहलीचा हिशेब: भाडं २५०, चार थाळ्यांचे ८०० धरा, फुलं-प्रसादाचे १००. मोफत रांगेतून ११५० आणि देणगी दर्शनासह १९५०. बसस्थानकावर हिरकणी कक्ष असेल, तर तान्ह्या बाळाला पाजण्याची सोय विनाशुल्क असते. वाटेत अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाणे संग्रहालय आहे. पैसे मोजायला नुकतंच शिकलेल्या, सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ही जागा वाट वाकडी करण्यासारखी आहे. वेळ आधी विचारून जा.

त्र्यंबक-पहिने परिसरातले पावसाळी धबधबे या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. तिथे पाणी अचानक वाढतं, प्रशासनाचे बंदी आदेश निघतात आणि वन विभागाचं उपद्रव शुल्क भरूनही चिखलातून उतरावं लागतं. शाळकरी मूल होईपर्यंत तो बेत पुढे ढकला.

नांदूरमधमेश्वर: हिवाळ्यातली एक मोठी सहल

निफाड तालुक्यातलं हे पक्षी अभयारण्य जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या पाणथळीत नोव्हेंबर ते मार्च पाहुण्या पक्ष्यांची गर्दी असते. लहान मुलाला पक्ष्यांच्या जाती नको असतात. चमच्यासारख्या चोचीचा पक्षी, गुलाबी पायांचा रोहित आणि पाण्यात डोकं खुपसून शेपूट वर करणारी बदकं एवढ्यावर ते खूश असतं.

९० किलोमीटर जाऊन-येऊन ६३० रुपये. इथे प्रवेश, वाहन, कॅमेरा आणि गाईड असे पैसे वेगवेगळे मोजावे लागतात. सगळे मिळून ५५० धरा आणि प्रत्येकाची पावती घ्या. चहापाण्याचे १२०. एकूण १३००. मोबाइलवरच फोटो काढणार असाल, तर कॅमेऱ्याचं शुल्क लागतं का, ते आधी विचारा. दोन कुटुंबांनी मिळून एक गाईड घेतला, तर खर्च वाटला जातो आणि मुलाला सोबतही मिळते. गाईडचे पैसे वाचवू नका. दुर्बीण कुठे रोखायची हे त्याला ठाऊक असतं, नाहीतर चार वर्षांच्या मुलाला दूरवर फक्त ठिपके दिसतात. सूर्योदयाला पोहोचायचं असल्याने झोपलेलं मूल उचलून गाडीत घालावं लागेल. डबा, टोपी आणि कानटोपी घरूनच न्या.

दुसरी मोठी सहल वणीच्या सप्तशृंग गडाची: अंतर १२० किलोमीटर जाऊन-येऊन, म्हणजे ८४० रुपये पेट्रोल. एसटीने एका बाजूचे साधारण १०० आणि आईचे ५०. पायऱ्यांऐवजी २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. आजी आणि लेकरू दोघंही सोबत असतील, तर ट्रॉलीचं तिकीट हा चैनीचा खर्च समजू नये. नवरात्र आणि चैत्र यात्रेत खासगी गाड्या गडाखालच्या नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटीनेच जावं लागतं.

तासाच्या दराने मिळणारी मजा

मॉलमधले गेम झोन, ट्रॅम्पोलिन पार्क आणि वॉटर पार्क इथे खर्चाचं रूप बदलतं. फलकावर एक दर असतो आणि खिडकीवर दुसरी बेरीज होते. तासाचा दर ५०० धरा. त्यावर सक्तीचे ग्रिप मोजे ६०, आत जाणाऱ्या पालकाचे १००, बाहेर आल्यावर फूड कोर्टमध्ये ८००, पार्किंग ४० आणि पेट्रोल ८४. एकूण १५८४. रिचार्ज कार्ड घेतलं असेल, तर त्यात हमखास तीस-चाळीस रुपये अडकून राहतात, कारण खेळांचे दर कार्डाच्या रकमेत बरोबर बसत नाहीत. म्हणून कमीत कमी रकमेचं कार्ड घ्या आणि शिल्लक परत मिळते का, हे आधी विचारा.

वॉटर पार्कमध्ये नायलॉनचा पोशाख, लॉकर आणि दोन्हींची अनामत हे तीन खर्च तिकिटाबाहेर असतात. पोशाख घरून नेला आणि लॉकर एकच घेतला, तर बरेच पैसे वाचतात. चार वर्षांच्या मुलाला मोठ्या घसरगुंड्यांवर सोडत नाहीत, ते दिवसभर गुडघाभर पाण्याच्या कुंडातच असतं. त्या कुंडाचा दर मात्र आईबाबांच्या पूर्ण तिकिटात भरावा लागतो. ज्यांना शनिवारी किंवा मधल्या वारी सुट्टी असते, त्यांनी आठवड्यातल्या दिवसाचा दर विचारावा, तो बहुधा कमी असतो.

खाणं आणि हट्ट

मिसळीची ठिकाणं नाशिकमध्ये आता अर्धी सहलच झाली आहेत. गंगापूर-सातपूर पट्ट्यातल्या मळ्यांत झोपाळे, घसरगुंडी, कुठे बैलगाडी असते. मिसळ मोठ्यांसाठी असते. मुलाला काय देणार, हे आधी ठरवा. रस्सा न घालता मटकी आणि दही-पाव हे बऱ्याच मुलांना चालतं, आणि वेगळा पदार्थ मागवावा लागत नाही. घोड्या-उंटाच्या फेऱ्यांचा दर मुलाला बसवण्याआधी विचारा. बसल्यावर घासाघीस होत नाही.

हट्टासाठी ठराविक रक्कम बाजूला काढा. पन्नासची एक नोट मुलाच्या हातात द्या आणि ‘आजचं तुझं एवढंच’ म्हणा. फुगा की आईस्क्रीम हे त्याने ठरवायचं. खेळणं घेतलंच, तर आयएसआय चिन्ह बघा, जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. कोंडाजीचा चिवडा घरी न्यायचा असेल, तर तो सहलीच्या खर्चात न धरता किराण्यात धरा, म्हणजे हिशेब खरा राहील.

पैसे देण्याआधी हक्क माहीत असू द्या

सीलबंद बाटलीवर किंवा पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे दुकानाने किंवा स्टॉलने घेता येत नाहीत, मग ते मॉलमध्ये असो, देवस्थानात की धरणावर. ‘कूलिंग चार्ज’ नावाचा कुठलाही कर नाही. बसून वाढणाऱ्या हॉटेलांना मात्र २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पाण्याच्या बाटलीला एमआरपीहून जास्त लावता येतं. तिथे साधं पाणी मागा.

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. जुलै २०२२ ची ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. देणं ऐच्छिक आहे, तो काढून मागा. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. मुक्कामाची खोली घेणार असाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. जुन्या दराने बिल आलं तर विचारा.

चित्रपटगृहात बाहेरचे पदार्थ आणू न देण्याचा अधिकार मालकाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. त्याच सुनावणीत पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत देण्याचा आणि तान्ह्या किंवा लहान मुलासाठी पालकांनी नेलेल्या माफक खाण्याला हरकत न घेण्याचा मुद्दाही नोंदला गेला. बाळाची दुधाची बाटली किंवा खिमटीचा डबा दारावर अडवला, तर व्यवस्थापकाला शांतपणे हे सांगा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल, फलकाचा फोटो आणि तारीख जवळ ठेवा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही.

ऋतू आणि सिंहस्थ

जानेवारीत येवल्याचे पतंग, जानेवारी ते मार्च द्राक्षं, हिवाळाभर पक्षी, पावसाळ्यात देवळं आणि तारांगणासारखी छपराखालची ठिकाणं, असं वर्ष आखलं तर गर्दीचे दर टळतात. त्र्यंबक रस्त्यावरच्या यशवंतराव चव्हाण तारांगणात जाण्याआधी त्या दिवशी खेळ आहे ना, हे विचारा. संक्रांतीच्या आठवड्यात मूल दुचाकीवर नेऊ नका, नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो हवेत असतोच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की सगळं नाशिक दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला निघतं. मुलालाही दाखवा, पण पुलाच्या आणि पोलिसांच्या दोरीच्या अलीकडूनच.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११-१२ सप्टेंबर २०२७ ला. रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकचे बेत या तारखांपासून दूर ठेवा. कामांमुळे रस्ते वळवलेले असतात, त्यामुळे पेट्रोलचा आणि वेळेचा अंदाज थोडा सैल धरा.

महिन्याचा ताळेबंद

पहिला रविवार गोदाघाट: २६०. दुसरा पांडवलेणी, घरचा डबा: २१०. तिसरा नांदूरमधमेश्वर: १३००. चौथा कॉलनीजवळची बाग आणि शेंगदाणे: ५०. चारही मिळून १८२०. गेम झोनचा एकच रविवार १५८४. अडीचशेहून कमी फरकात महिनाभर बाहेर पडता येतं. गेम झोन वाईट नाही, तो वाढदिवसासाठी ठेवावा.

एसटी, रेल्वे आणि लेणी या तिन्ही ठिकाणी पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. एसटी आणि रेल्वेतली ही सवलत पुढे वाढवून मिळत नाही, तेव्हा पाचवा वाढदिवस येण्याआधीच्या रविवारांत जमेल तितकं फिरून घ्या.